दुमजली विमान आणि वडापचं गणित

मुंबईवर अर्धा तास घिरट्या घालून विमान एकदाचं उतरलं की मागच्या सीटवरून हमखास एक शेरा ऐकू येतो. "उतरायला जागा नाही ना, मग मोठी विमानं आणा की! दोन फेऱ्यांची माणसं एकात बसवायची, विषय संपला."

शेरा वेडगळ नाही. एअरबस कंपनीने डिसेंबर 2000 मध्ये ए-380 हे दुमजली विमान बांधायचं ठरवलं, तेव्हा तिचंही म्हणणं साधारण हेच होतं. शहरं फुगत जाणार, जुन्या विमानतळांवर नव्या धावपट्ट्यांना जागा मिळणार नाही, म्हणजे एका फेरीत जास्त माणसं नेण्यावाचून गत्यंतर नाही. पुढच्या वीस वर्षांत अशी हजाराहून जास्त विमानं खपतील असा कंपनीचा अंदाज होता. खपली 251. त्यातली 123 एकट्या दुबईच्या एमिरेट्स कंपनीने घेतली, म्हणजे जवळजवळ निम्मी. उरलेली 13 कंपन्यांनी मिळून. अमेरिकेतल्या एकाही कंपनीने एकही घेतलं नाही. भारतात किंगफिशरने 2005 मध्ये पाचांची मागणी नोंदवली होती, पण विमानं यायच्या आत ती कंपनीच जमिनीवर आली. शेवटचं ए-380 डिसेंबर 2021 मध्ये दुबईला रवाना झालं आणि दुकान बंद. हे विमान घडवायला एकूण 25 अब्ज युरोंच्या घरात खर्च आला असं मानतात. तो वसूल झालाच नाही.

आणि गंमत अशी की विमान अजिबात वाईट नव्हतं. प्रवाशांचं तर ते लाडकं. आत इतकी शांतता की तीन रांगा पलीकडचं घोरणं स्पष्ट ऐकू येतं, हा एकच काय तो तोटा. मग माशी शिंकली कुठे?

आधी आकार नजरेसमोर आणू. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 79.75 मीटर. शेपटीची उंची 24 मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारत. 22 चाकं. पूर्ण भरून उडताना वजन 575 टनांपर्यंत, टाकीत सव्वातीन लाख लिटरच्या आसपास इंधन. परवाना 853 प्रवाशांचा. हा आकडा कागदावर ठरत नाही, प्रत्यक्ष करून दाखवावा लागतो. मार्च 2006 मध्ये हॅम्बुर्गच्या एका हँगरमध्ये अंधार करून 853 माणसं आणि 20 कर्मचारी विमानात बसवले. 16 दारांपैकी आठच उघडणार होती आणि कुठली आठ, ते आतल्या कुणालाच सांगितलं नव्हतं. नियम 90 सेकंदांचा. सगळे 78 सेकंदांत बाहेर. लोकलला दादर आल्यावर जे होतं तेच, फक्त घसरगुंडीवरून.

853 सीट मात्र कुणीच बसवल्या नाहीत. बहुतेकांनी पाचशेच्या आसपास ठेवल्या. एमिरेट्सच्या दोन वर्गांच्या विमानात 615 आहेत. तर या पाचशे सीटचं गणित काय, ते मांडू. पुढचे आकडे माझे, हिशोब कळावा म्हणून घेतलेले.

समजा मोठ्या विमानाच्या एका फेरीचा खर्च 1 कोटी आणि सीट 500. सीटमागे 20 हजार पडले. लहान विमानाचा खर्च 66 लाख, सीट 300. सीटमागे 22 हजार. म्हणजे मोठं विमान स्वस्त. जाहिरातीत हाच आकडा असतो आणि तो खोटा नसतो. आता तिकीट 25 हजारांचं धरा. लहान विमानाचा खर्च 264 प्रवाशांत निघतो, मोठ्याला 400 लागतात. ज्या दिवशी पाचशे प्रवासी आले त्या दिवशी मोठ्याने 25 लाख कमावले, लहान नऊ लाखांवर अडकलं. पण ज्या दिवशी तीनशेच आले त्या दिवशी लहानाचे नऊ लाख कायम आणि मोठ्याच्या अंगावर 25 लाखांचा तोटा.

आणि तीनशेचे दिवस येतातच. दिवाळीत, नाताळात, मे महिन्यात विमान ओसंडून वाहतं. फेब्रुवारीतल्या मंगळवारी कोण जातंय? मग रिकाम्या सीट भरायला भाव पाडावा लागतो. शेवटच्या शंभर सीट पंधरा हजारांना विकल्या की पुढच्या वेळी लोक मुद्दाम शेवटपर्यंत थांबतात. व्यापाऱ्याला माल पडून राहण्याची भीती असते, इथे तर माल विमान सुटताक्षणी नासतो. म्हणून विमान कंपनीचा माणूस "सीटमागे खर्च किती" हे विचारण्याआधी "फेरीमागे खर्च किती" ते विचारतो. मोठ्या विमानाचा विक्रेता पहिल्या प्रश्नाचं उत्तर झोकात देतो. दुसऱ्यावर तो जरा चहा मागवतो.

दुसरी गोष्ट पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्यांना समजावून सांगायची गरजच नाही. एसटी पन्नास माणसं नेते, माणशी डिझेल कमी जळतं. वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी खासगी, जीप दहा-बारा माणसं कोंबून नेते. कागदावर जीप हरायला हवी. पण जीप घडोघडी सुटते, थेट वाडीच्या फाट्यावर सोडते आणि भरली की निघते. एसटीला मात्र पाच माणसं असली तरी वेळ झाली की निघावंच लागतं, आणि तीही तालुक्याच्या स्टँडवर जाऊन थांबते. तिथून पुढची गाडी तुम्ही बघा.

ए-380 ही आकाशातली एसटी. लंडन, फ्रँकफर्ट, सिंगापूर, दुबई ही तिची स्टँडं. चारी दिशांनी माणसं स्टँडवर गोळा करायची, मोठ्या गाडीत भरायची, दुसऱ्या स्टँडवर उतरवायची. एअरबसची प्रतिस्पर्धी बोइंग, तिने त्याच काळात उलटी पैज लावली. तिचं 787 हे दोन इंजिनांचं, अडीचशे-तीनशे सीटचं विमान 2011 मध्ये सेवेत आलं, आणि त्याचा मंत्र वडापचा: स्टँड टाळा, थेट फाट्यावर सोडा. शिवाय पैसेवाला प्रवासी, म्हणजे कंपनीच्या खर्चाने पुढच्या रुंद सीटवर बसणारा, त्याला दिवसातून एक मोठं विमान नको असतं. मीटिंग लांबली तर दोन तासांनी दुसरं आहे का, हे तो बघतो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरायच्या वेळा इतक्या दुर्मीळ की 2016 मध्ये तिथल्या उतरण्या-उडण्याच्या वेळांची एक जोडी साडेसात कोटी डॉलरला विकली गेली. तरीही लंडन-न्यूयॉर्कवर कंपन्या दिवसभर ए-380 पेक्षा लहानच विमानं एकामागून एक सोडत राहिल्या. जागेची टंचाई असली की विमान आपोआप मोठं होईल, हा एअरबसचा पाया तिथेच खचला.

हे वडाप आधी का नव्हतं? कारण नियम. दोन इंजिनांचं विमान समुद्रावर असताना एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर जवळच्या विमानतळाला पोहोचायला हवं, आणि पूर्वी हे अंतर 60 मिनिटांपेक्षा जास्त चालत नसे. त्यामुळे महासागर ओलांडायला तीन-चार इंजिनं लागत. इंजिनं भरवशाची होत गेली तशी 1985 मध्ये ही मर्यादा 120 मिनिटांवर आणि लवकरच 180 वर गेली. मग बोइंग 777 आलं. त्याच्या मोठ्या आवृत्तीचं एकेक इंजिन ए-380 च्या इंजिनाच्या दीडपटीहून जास्त जोर लावतं. जे काम दोन इंजिनांत होतं त्याला चार कशाला? चार म्हणजे इंधन चौघांचं आणि दुरुस्तीही चौघांची. ए-380 बाजारात आलं ऑक्टोबर 2007 मध्ये, आणि त्याची इंजिनं होती 787 च्या इंजिनांच्या आधीच्या पिढीतली. चारच वर्षांत जास्त काटकसरी इंजिनं दुसऱ्याच्या पंखाखाली लटकली. नवा फोन घ्यावा आणि महिन्याभरात पुढचं मॉडेल यावं, तसं. फक्त इथे एका फोनची छापील किंमत 2018 मध्ये सुमारे 44 कोटी 50 लाख डॉलर होती.

पंखांचीही एक कथा आहे. विमानतळ मोठ्यात मोठं विमान 80 मीटर बाय 80 मीटरच्या चौकटीत मावेल एवढंच धरून चालतात. लांब आणि सडपातळ पंख इंधन वाचवतो, पण 80 मीटरच्या पुढे जायची सोय नव्हती. म्हणून पंख रुंद आणि थोराड झाला. वर पुढेमागे याच विमानाची आणखी लांब आवृत्ती काढायची म्हणून तो गरजेपेक्षा दणकट ठेवला. लांब आवृत्ती आलीच नाही. जे विमान विकलं गेलं ते जन्मभर धाकट्या अंगावर थोरल्याचा कोट घालून उडलं.

बांधणीचाही पसारा तसाच. पंख वेल्समध्ये, धडाचे भाग हॅम्बुर्गमध्ये, शेपटीचे स्पेनमध्ये, जोडणी फ्रान्समधल्या तुलूझला. भाग इतके मोठे की जहाजाने बोर्दोजवळ आणायचे, तिथून तराफ्यांवर चढवून गारोन नदीतून वर न्यायचे. बोर्दो शहरातला जुना दगडी पूल आड येतो, त्याच्या कमानीखालून जायला भरती-ओहोटीची वेळ साधावी लागे. पुढे रस्त्याने रात्रीची मिरवणूक. लेविन्याक नावाच्या गावातून तर दुतर्फा घरांच्या भिंतींना हात लागेल इतक्या जवळून विमानाचं धड सरकत जाई, आणि गावकरी खिडक्यांतून बघत बसत. 2006 मध्ये हॅम्बुर्गहून आलेल्या भागांतल्या तारा तुलूझला आखूड पडल्या. दोन्हीकडचे अभियंते एकाच संगणक प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. एका विमानात पाचशे किलोमीटरहून जास्त तार असते. काम दोनेक वर्षं मागे पडलं आणि कंपनीचे बडे अधिकारी घरी गेले.

आता विमानतळावर काय होतं ते बघू, कारण "मोठी विमानं आणा" म्हणणाऱ्याला हे दिसत नाही. पंखांचा टोकापासून टोकापर्यंतचा पसारा 65 मीटरपेक्षा जास्त असला की विमानतळाच्या लेखी विमान सगळ्यांत वरच्या गटात जातं. टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टी ते गेट या रस्त्याच्या, कडेला जास्त मोकळी जागा हवी, शेजारचा गेट रिकामा ठेवावा लागू शकतो, वरच्या मजल्यासाठी वेगळा एरोब्रिज हवा. दुबईने 2013 मध्ये खास याच विमानासाठी 20 गेटांचं एक कॉन्कोर्स बांधलं. सगळ्यांना ते परवडत नाही. इमिग्रेशनच्या रांगेत एकदम पाचशे माणसं येतात, सामानाचा पट्टा तासभर फिरत राहतो. आणि हे विमान बिघडलं तर? पाचशे जणांना रात्री दोन वाजता हॉटेलच्या खोल्या शोधायच्या, आणि बदली विमान आणायचं ते दुसरं एवढंच मोठं, जे कंपनीकडे मोकळं नसतंच.

हवेतली गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रत्येक विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे तयार होतात, वजन जास्त तितके ते जबर. ए-380 साठी म्हणून "सुपर" हा वेगळाच गट काढावा लागला. वैमानिक रेडिओवर विमानाच्या नावापुढे "सुपर" म्हणतो तो बडेजाव नव्हे, मागच्याला इशारा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याच्यामागून ए-320 सारखं नेहमीचं विमान उतरत असेल तर मध्ये 7 सागरी मैल, म्हणजे जवळजवळ 13 किलोमीटर, सोडावे लागतात. उतरतानाच्या वेगाला हे अंतर काटायला तीन मिनिटं जातात. म्हणजे ज्या धावपट्टीची गर्दी कमी करायला मोठं विमान आणलं, तिचाच वेळ ते जास्त खातं.

भोवरे किती खरे असतात ते जानेवारी 2017 मध्ये अरबी समुद्रावर दिसलं. मालदीवहून बर्लिनला निघालेलं एक छोटं खासगी जेट सिडनीकडे चाललेल्या एका ए-380 च्या हजार फूट खालून, विरुद्ध दिशेने गेलं. पाठोपाठ ते हवेत अनेकदा कोलांटलं आणि जवळजवळ नऊ हजार फूट खाली आलं. एक इंजिन बंद पडलं. वैमानिकांनी ते सावरून मस्कतला उतरवलं, प्राण वाचले. विमान पुन्हा उडण्याच्या लायकीचं राहिलं नाही.

पण माझ्या मते या विमानाला खरा मारक ठरला तो सेकंडहँड बाजार, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. विमान कंपन्या विमानं बहुतेकदा भाड्याने घेतात. मालक भाडं ठरवताना बघतो की दहा-बारा वर्षांनी हे परत आलं तर पुढे कुणाला देता येईल. जुन्या जंबोला, बोइंग 747 ला, हे उत्तर जन्मापासून तयार होतं. 1960च्या दशकात बोइंगला वाटत होतं की प्रवासी आवाजाहून वेगवान विमानांनी जातील आणि जंबो शेवटी माल वाहील. म्हणून वैमानिकाची खोली वर चढवली, नाक उघडून समोरून माल सारता यावा म्हणून. त्या डोक्यावरच्या उंचवट्याचं मूळ हे. अंदाज चुकला, पण सोय कामी आली: प्रवाशांना नकोसे झालेले जंबो वर्षानुवर्षं मालवाहतुकीत खपत राहिले. एकूण 1,574 बांधले गेले आणि 2023 मध्ये गेलेला शेवटचाही मालवाहूच होता.

ए-380 मध्ये वैमानिक दोन मजल्यांच्या मधोमध बसतो. नाक उघडणार कसं? वरच्या मजल्यावर माल चढवायचा तर जमिनीपासून सात-आठ मीटर उचलायचा. मालवाहू आवृत्तीची मागणी नोंदवलेल्या फेडएक्स आणि यूपीएस या दोन्ही कुरिअर कंपन्यांनी माघार घेतली. प्रवासी विमानाच्या पोटातही माल जातो आणि त्यावर बरीच कमाई होते. पण इथे दोन मजल्यांवरच्या माणसांच्या बॅगा एकाच पोटात, मग मालाला उरणार किती? सिंगापूर एअरलाइन्सने सगळ्यांत आधी घेतलेली विमानं दहा वर्षांनी जर्मन मालकांकडे परत गेली, तेव्हा दोघांना गिऱ्हाईकच मिळालं नाही. फ्रान्समध्ये तार्ब इथे ती तोडून सुटे भाग विकले गेले. दहा वर्षं म्हणजे विमानाचं ऐन तारुण्य.

एमिरेट्सला मात्र हे जमलं. दुबई हेच मुळात स्टँड. युरोप, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया यांच्या मध्ये, चोवीस तास उघडं, आणि गावात जाणाऱ्यांपेक्षा गाडी बदलणारे जास्त. शंभरच्या वर एकाच जातीची विमानं असली की सुटे भाग, वैमानिक, मेकॅनिक सगळं वाटून वापरता येतं. जपानच्या एएनए या विमान कंपनीने तीन घेतली, त्यांवर समुद्री कासवं रंगवली आणि तोक्यो-होनोलुलू या एकाच सुट्टीच्या मार्गावर लावली. तेही ठीक. हनिमूनला निघालेल्याला दोन तासांनी दुसरं विमान आहे का, याच्याशी देणंघेणं नसतं.

मुंबईत ए-380 उतरायची परवानगी 2014 मध्ये मिळाली, दिल्ली, बेंगळुरू आणि हैदराबादबरोबर. त्याच वर्षी सिंगापूर एअरलाइन्स आणि एमिरेट्स दोघांनी ते इथे आणलं. तरी मागच्या सीटवरच्या शेऱ्याला मुंबईत दोन अडचणी आहेत. एक, इथली गर्दी मुख्यतः देशांतर्गत विमानांची. पुण्या-मुंबईच्या माणसाला दिल्लीला जाताना सकाळची पाचची, सहाची, सातची अशी निवड लागते. दिवसातून एकदा सुटणारं पाचशे सीटचं विमान त्याच्या काय कामाचं? दोन, परदेशी कंपन्यांनी किती माणसं न्यायची हे दोन सरकारांच्या करारात ठरतं, आणि दुबईच्या बाबतीत ते आठवड्याच्या सीटमध्ये मोजतात. दोन्ही बाजूंना साधारण 65 हजार. विमान मोठं केलं तर तोच कोटा लवकर संपतो. एमिरेट्स कित्येक वर्षं तो वाढवून मागते आहे. आपल्या कंपन्यांना वाटतं की या सीट वाढल्या की आपला युरोप-अमेरिकेचा प्रवासी दुबईमार्गे जाणार. त्याला मुंबईहून थेट न्यायचा तर हातात दोन इंजिनांचं विमान हवं. म्हणून एअर इंडियाने 2023 च्या मोठ्या खरेदीत ए-350, 787 आणि 777 घेतली. दरम्यान तिचे राहिलेले जंबो विकले गेले. एप्रिल 2024 मध्ये मुंबईहून एक अमेरिकेला निघाला, सुटे भाग होण्यासाठी. उडाल्यावर वैमानिकाने पंख डावी-उजवीकडे हलवून निरोप घेतला. त्या चित्रफितीवर कितीतरी निवृत्त कर्मचाऱ्यांनी डोळे पुसले असतील.

कोविडमध्ये जवळजवळ सगळी ए-380 उभी राहिली आणि एअर फ्रान्सने तर आपली सगळीच कायमची काढली. वाटलं, संपलं. मग 2022 पासून प्रवासी एकदम परतले आणि नवी विमानं वेळेवर मिळेनात. लुफ्थान्साने बासनात गुंडाळलेली बाहेर काढली. उभ्या विमानाचं भांडवल आधीच बुडालेलं, त्यामुळे ते भरून चालवणं पुन्हा परवडू लागलं. पण याला मागणी म्हणता येत नाही. लग्नसराईत जुनी गाडी गॅरेजमधून काढतात, तसं आहे हे. एमिरेट्स 2040 च्या आसपासपर्यंत आपली चालवायचं म्हणते, नवी आवृत्ती काढा म्हणून एअरबसच्या मागेही लागली होती. एकाच गिऱ्हाइकासाठी कारखाना उघडायला कुणी तयार नाही.

एमिरेट्सने आता बोइंगकडे दोनशेहून जास्त 777-एक्स मागितली आहेत. चारशेवर सीट, पण इंजिनं दोनच. 2020 मध्ये मिळायची होती, अजून आलेली नाहीत. त्यांच्या पंखांचा पसारा उडताना 71.75 मीटर असतो. उतरून वेग कमी झाला की दोन्ही टोकं आपोआप वर दुमडतात आणि विमान 64.85 मीटरचं होतं, म्हणजे नेहमीच्या गेटच्या 65 मीटरांत 15 सेंटीमीटर राखून.